सोने कुटणारा कागद

माझी मुलगी एका कचेरीत काउंटरवर बसते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला गेलो असताना घराची किल्ली घ्यायला दुपारी तिच्या कचेरीत गेलो. जेवणाची सुट्टी संपत आली होती. तिने पर्समधून काड्यापेटीएवढी एक पुडी काढली, तीतला पातळसा कागद सुटा केला आणि कपाळावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर हलकेच टेकवला. पुसला नाही, नुसता दाबला. कागद उचलला तेव्हा तो भजी बांधून आणलेल्या कागदासारखा आरपार दिसत होता. "साहेबांना काउंटरवर चेहरा फ्रेश लागतो, अब्बा," एवढे म्हणून तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

मी शब्दांत रमणारा माणूस. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात शब्दच फिरत राहिले. बाळाची कांती तुकतुकीत असली की आपण दृष्ट काढतो. नवऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर तजेला हवा, साधुपुरुषाच्या चेहऱ्यावर तेज हवे. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूत त्यालाच नूर म्हणतात. पण तीच चमक दुपारी तीन वाजता कामावरच्या बाईच्या नाकावर आली की तिचे नाव 'तेलकट तोंड'. चमक कुणाची आणि कुठे, यावर तिचे नाव ठरते. त्या कागदाचा इतिहास शोधू लागलो, तर तिथेही हेच सापडले.

हा कागद मूळचा जपानचा. तिकडे त्याला 'आबुरातोरिगामी' म्हणतात. आबुरा म्हणजे तेल, तोरि म्हणजे काढणे, गामी म्हणजे कागद. नाव इतके सरळ की ते आपल्या आजीनेच ठेवले असावे असे वाटते. गंमत अशी, की हा कागद चेहऱ्यासाठी जन्मलाच नव्हता. तो जन्मला सोन्यासाठी.

जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कानाझावा नावाचे शहर आहे. जपानात तयार होणारा जवळजवळ सगळा सोन्याचा वरख आजही तिथलाच. तिथला सरदार माएदा तोशिइए हा हिदेयोशीच्या कोरियावरच्या स्वारीत छावणीत होता. तिथून त्याने १५९३ मध्ये आपल्या मुलखात सोन्या-चांदीचा वरख तयार करण्याचा हुकूम धाडला. पुढे एदोच्या शोगुनशाहीने या धंद्यावर निर्बंध घातले आणि कानाझावाच्या कारागिरांना कित्येक वर्षे चोरून वरख कुटावा लागला. १८०८ मध्ये कानाझावाच्या किल्ल्यातला राजवाडा जळाला. तो पुन्हा उभारायचा तर वरख हवाच, म्हणून क्योतोहून कारागीर बोलावले गेले आणि धंद्याला पुन्हा बळ आले. १८६८ मध्ये शोगुनशाही गेली आणि तिच्याबरोबर बंदीही गेली.

सोने कुटायचे म्हणजे नुसते हातोड्याने ठोकायचे नाही. सोन्याचे पातळ तुकडे कागदांच्या चळतीत एकाआड एक ठेवायचे आणि वरून घाव घालायचे. वरख होतो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. फुंकर मारली तर उडून जाईल असा. इतका मार खायचा तर कागदही तसाच हवा. गांपी नावाच्या झुडपाच्या सालीपासून तो करतात, मग भाताच्या पेंढ्याच्या राखेचे पाणी, कच्च्या पर्सिमन फळाचा तुरट रस आणि अंडे यांच्या मिश्रणात भिजवतात, वाळवतात, कुटतात आणि पुन्हा भिजवतात. या तयारीत महिने जातात. वरखाचे खरे कसब सोन्यात नसून कागदात आहे, असे तिथले कारागीर मानतात. मला ते पटते. सोन्याचे काय, ते कुठेही सोनेच.

पुन्हा पुन्हा घाव सोसून या कागदाचे तंतू चेपतात. तो रेशमासारखा मऊ होतो आणि एक दिवस सोन्याच्या कामाचा उरत नाही. मात्र तेव्हाच तो तेल ओढून घेण्यात पटाईत झालेला असतो. ही गोष्ट प्रथम कुणाच्या ध्यानात आली, त्याचे नाव इतिहासात नाही. पण हे निकामी कागद क्योतोच्या गेइशांच्या आणि रंगभूमीवरच्या नटांच्या हाती गेले. तोंडावर पांढऱ्या रंगाचा थर, वर दिव्यांची धग आणि पुढे तासन्‌तास काम. रुमालाने पुसावे तर रंगच निघून येणार. कागद टेकवला की तेल तेवढे निघते, रंग जागच्या जागी राहतो.

यामागचे शास्त्र साधे आहे. कपाळ, नाक आणि हनुवटी इथे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी दाट असतात. ते तेल शत्रू नव्हे, त्वचेचे ते पांघरूण आहे. पण त्याचा थर साचला की त्वचेचा बारीक खडबडीतपणा बुजतो आणि प्रकाश आरशावरून यावा तसा एका दिशेने परततो. त्यालाच आपण चमक म्हणतो. कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत तेच तेल भरले की उलटा प्रकार होतो. प्रकाश विखुरण्याऐवजी आरपार जातो आणि कागद पारदर्शक दिसतो. दर दोन तासांनी साबणाने तोंड धुणाऱ्यांची त्वचा कोरडी पडून चुरचुरते. कागद फक्त वरचे उचलतो, आतल्या ग्रंथींना हातही लावत नाही.

क्योतोत १९०४ मध्ये सौंदर्यप्रसाधने विकणारे एक दुकान सुरू झाले. तिथे दात घासण्याचे ब्रशही मिळत. त्या काळी ब्रशला 'योजि' म्हणत, म्हणून लोक दुकानाला 'योजिया' म्हणू लागले आणि तेच नाव रुळले. तैशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ या वर्षांत, त्या दुकानाने हा कागद विकायला घेतला. क्योतो तेव्हा जपानी मूकपटांचे मोठे केंद्र होते. झगझगीत दिव्यांखाली उभ्या राहणाऱ्या नट-नट्यांना तो हवाच होता. त्यांच्याकडून तो साध्या घरांत गेला आणि पुढे कचेरीत जाणाऱ्या मुलींच्या पर्सेसमध्ये.

मला इथे थांबावेसे वाटते. क्योतोचे प्रसिद्ध सुवर्णमंदिर १९५० मध्ये जळाले आणि १९५५ मध्ये पुन्हा उभे राहिले. १९८७ मध्ये त्याला नव्याने सोने चढवले तेव्हा सुमारे दोन लाख वरख लागले. देवळाच्या भिंतीला चमक देणारा तोच कागद, आणि कामावरच्या बाईच्या चेहऱ्यावरची चमक काढून घेणाराही तोच. देवाने चमकावे, बाईने चमकू नये, हे कागदाने ठरवले नव्हते.

आता बहुतेक वरख काजळी लावलेल्या यंत्राच्या कागदात कुटला जातो. जुन्या रीतीच्या वरखाला युनेस्कोने २०२० मध्ये जपानी लाकडी वास्तूंच्या पारंपरिक कौशल्यांबरोबर मान दिला, पण त्या रीतीने कुटणारे हात थोडेच उरले. दुकानात मिळणारे तेल टिपण्याचे कागद तर बहुधा सोन्याजवळून गेलेलेही नसतात.

आपल्याकडेही वरख कुटणारे होतेच. लहानपणी अम्मीबरोबर मामूंकडे हैदराबादला जायचो. चारमिनारजवळच्या गल्लीत सकाळपासून ठक्‌-ठक्‌ सुरू असे. तिथे कागद नव्हे, चामड्याच्या पानांची जाड वही असे. तिच्यात चांदीचे तुकडे घालून कारागीर मांडी घालून कुटत बसे. ईदच्या शीरखुर्म्यावरचा वरख त्याच गल्लीतून येई. प्राण्यांपासून मिळालेली कोणतीही वस्तू वरख करताना वापरू नये, असा खाद्यसुरक्षेचा नियम २०१६ मध्ये झाला. त्याआधीच यंत्राच्या वरखाने त्या धंद्याचे कंबरडे मोडायला सुरुवात केली होती. ती चामड्याची वही जुनी झाल्यावर कुणाच्या चेहऱ्याला लागली नाही.

मुलीला हे सगळे सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग तो हैदराबादचा माणूस स्वतःचा घाम कशाने पुसायचा?"

मला आठवले. त्याच्या दोन्ही हातांना चांदी लागलेली असे, म्हणून तो खांदा वर करून सदऱ्याच्या बाहीला कपाळ घासायचा. तरी थोडी चांदी भुवईवर राहायचीच.