कॉर्निशचे छप्परी पूल : लाकूड, जकात आणि मालकी

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात कनेक्टिकट नदीच्या पूर्वतीरावर कॉर्निश हा गाव आहे. १७६३ साली त्यास सनद मिळाली. २०२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती सोळाशेच्या आसपास भरली. अशा विरळ वस्तीच्या गावाच्या परिसरात लाकडी छप्परी पुलांचे चार नमुने टिकून राहावेत, ही गोष्ट सामाजिक व आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घेण्याजोगी आहे.

पुलावर छप्पर का घालीत, याविषयी लोकांत अनेक कल्पना रूढ आहेत. पाणी पाहून घोडे बुजू नयेत म्हणून, किंवा वाटसरूंस पावसात आसरा मिळावा म्हणून, असे सांगितले जाते. वस्तुतः कारण साधे आहे. छप्पर माणसांसाठी नसून लाकडासाठी होते. पुलाचा भार तोलणारी कैची पावसात भिजत राहिली म्हणजे दहापंधरा वर्षांत सांधे कुजतात. तीच झाकली तर शतकाहूनही अधिक काळ टिकते. फिलाडेल्फिया येथे टिमोथी पामरने बांधलेल्या पुलावर १८०५ साली याच हेतूने आच्छादन घालण्यात आले. या उपायाने एक अडचण मात्र नवी निर्माण केली : हिवाळ्यात बर्फगाड्या चालाव्यात म्हणून पुलाच्या आतील तक्तपोशीवर मुद्दाम बर्फ आणून पसरावे लागे.

कॉर्निश व व्हर्माँटमधील विंडसर यांना जोडणाऱ्या जागी १७९६, १८२४ व १८४९ साली बांधलेले तीन पूल महापुरांनी नेले. चौथा १८६६ साली जेम्स टास्कर व बेला फ्लेचर यांनी बांधला. त्याची लांबी सुमारे ४४९ फूट असून खर्च ९,००० डॉलर आला. इथिएल टाऊन याने १८२० साली एकस्व घेतलेल्या जाळीदार कैचीची ही रचना होय. मात्र टाऊनच्या फळ्यांऐवजी येथे जाड चौरस तुळया खाचा पाडून एकमेकींत बसविल्या आहेत. टास्करला लिहितावाचता येत नसे असे सांगतात. ते खरे असल्यास, शाळेबाहेरची कारागिरी किती पल्ला गाठू शकते याचे हे ठळक उदाहरण ठरेल.

याच टास्करने गावातील ओढ्यांवर १८७७ साली ब्लो-मी-डाऊन, १८८१ साली ब्लॅकस्मिथ शॉप आणि १८८२ साली डिंगल्टन हिल हे लहान पूल उभारले. पहिला सुमारे ८५ फूट लांबीचा असून त्यास ५२८ डॉलर लागले. म्हणजे फुटास सहा डॉलरांच्या आसपास. नदीवरील पुलास हेच प्रमाण वीस डॉलर पडते. हा फरक केवळ रुंद पात्राचा व खोल पायाचा नव्हे. ओढ्यावरील पूल गावाने आपल्या खर्चाने शेतकऱ्यांच्या वाटेसाठी बांधले होते. नदीवरील पूल खाजगी कंपनीची मिळकत होती व तिचे भांडवल जकातीतून वसूल व्हायचे होते. घोडे चालवीत न्यावेत, अन्यथा दोन डॉलर दंड भरावा, अशी पाटी या पुलावर आहे. भरधाव जनावरांच्या ठेक्याने सांगाडा हेलकावेल ही भीती तीमागे असावी. पण पाटीस मालकाच्या काळजीचाही वास येतो. जुन्या पुलांविषयी जे रम्य लेखन होते, त्यात ही बाजू सहसा दिसत नाही.

पुढे मालकीचा प्रश्न न्यायालयाच्या निर्णयाने वेगळ्या वळणावर आला. दोन्ही राज्यांची सीमा नदीच्या पश्चिमतीरावरील नीचतम जलरेषेवर आहे, असे १९३३ साली संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. त्यामुळे जवळजवळ सबंध पूल न्यू हॅम्पशरच्या हद्दीत आला. १९३६ साली त्या राज्याने तो विकत घेतला. तथापि जकात उठण्यास १९४३ साल उजाडले; म्हणजे सरकारी झाल्यावरही सात वर्षे वाटसरू पैसे देतच होता.

१९८९ साली या पुलाची मोठी पुनर्बांधणी झाली आणि वाढत्या वाहतुकीस तोंड देण्यासाठी पातळ पट्ट्या चिकटवून केलेल्या जाड तुळया त्यात बसविण्यात आल्या. त्यामुळे आजचा पूल १८६६ चा म्हणावा काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु छप्परी पुलांचे छत, बाहेरच्या फळ्या व तक्तपोशी वेळोवेळी बदलावीच लागते. बाहेरचे झिजू देऊन आतले राखणे हेच त्यांचे तत्त्व. नव्या तुळयांवरील आक्षेप मात्र वेगळा आहे, कारण त्या आवरणात नसून भार वाहणाऱ्या सांगाड्यातच आहेत. उलटपक्षी ब्लॅकस्मिथ शॉप पूल वाहनांस बंद असून केवळ पायी जाणाऱ्यांस खुला आहे. तेथे सांगाड्यास मोटारींचा भार सोसावा लागत नाही. पण ज्या वाहतुकीसाठी तो बांधला, तीही त्यावरून जात नाही.