सोंगटी जुनी, राजी नवी

टाळेबंदीत आमच्या शहाद्यात घरोघरी मोबाइलवर ‘लुडो किंग’ रंगला. मला नवल वाटले नाही. 2016 साली नवी मुंबईतून आलेल्या या खेळाचे नियम कोणाला शिकवावेच लागले नाहीत. मूळ आपल्या पचिसीचे, लुडो हे तिचे विलायती बारसे. डाउनलोड दहा कोटींवर गेले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सची ‘राजी’ मात्र सगळ्यांनाच अनोळखी. असुरांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली पोर. पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्या. लोकवर्गणी पुरेशी जमली नाही, तरी 2020 मध्ये खेळ आला. देव-असुर जुनेच, हे मान्य. पण राजी कुठल्याच पुराणात नव्हती. मारिओसुद्धा 1981 साली ‘डाँकी काँग’मध्ये आला तेव्हा ‘जंपमन’ नावाचा एक अनोळखी सुतारच होता.