प्रवाशाचें उसें

प्रवासास निघतांना मनुष्य घरांतील पुष्कळशीं सुखें मागें ठेवितो, आणि त्यांविषयीं फारशी कुरकुरही करीत नाहीं. ताटाऐवजीं पत्रावळ आली, पलंगाऐवजीं धर्मशाळेची फरसबंदी आली, तरी तो चालवून घेतो. परंतु रात्रीं डोक्याखालीं चार बोटांचा उंचवटा नसेल तर त्याचा धीर सुटतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें सांगून आपल्या म्हणीनें पायांची व्यवस्था लावून दिली आहे. डोक्याची लावलेली नाहीं. ती ज्यानें त्यानें आपल्या अकलेनें लावावयाची.

हल्लीं बाजारांत हवा भरून फुगवावयाच्या अशा उशा मिळतात कीं, त्यांची घडी मुठींत मावते व वजन शंभर ग्रॅमच्या आंत भरतें. त्यांपैकीं कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदाराच्या फळीवरचा आहे. मासिकाच्या पानांवर त्याचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु हलकी उशी हवी असें मनुष्यास केव्हां वाटूं लागलें, याचा शोध घेऊं गेल्यास असें दिसून येतें कीं, हा इतिहास उशीच्या मऊपणाचा नसून ओझें कोणी वाहावें या प्रश्नाचा आहे. तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, असा आमचा हेतु आहे.

'उशी' आणि 'उसें' हे आपले शब्द संस्कृत 'उच्छीर्षक' या शब्दावरून आले. उशाचें महत्त्व आपल्या लोकांनीं फार पूर्वींच ओळखलें होतें. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांचें मस्तक खालीं लोंबूं लागलें तेव्हां राजांनीं धांवत जाऊन मऊ मऊ उपधानें आणिलीं. पण पितामहांनीं तीं नाकारून अर्जुनाकडे पाहिलें, आणि अर्जुनानें तीन बाण मारून त्यांच्या मस्तकास आधार दिला. कथेचें मर्म असें कीं, उसें हें शय्येस व शयन करणाराच्या स्थितीस शोभेल असें असावें. केवळ मऊ असणें हा त्याचा गुण नव्हे.

प्राचीन काळच्या बहुतेक सुधारलेल्या राष्ट्रांचें मत याच बाजूस झुकतें. इजिप्तमधील लोक लांकडाच्या, दगडाच्या किंवा हस्तिदंताच्या अर्धचंद्राकृति घडवंचीवर मान टेकून निजत. 1922 सालीं हॉवर्ड कार्टर यानें उघडलेल्या तूतांखामेनच्या थडग्यांत अशीं उशीं सांपडलीं, व त्यांतील एक हस्तिदंती उसें तर शू नांवाच्या वायुदेवतेनें आपल्या हातांवर तोलून धरलेलें आहे. पुढें मनुष्य वायूवरच डोकें ठेवून निजणार होता, याची जणूं ही पूर्वसूचनाच. चीनमध्यें तांग व सुंग राजवटींच्या काळांत चिनी मातीच्या भाजलेल्या उशा प्रचारांत होत्या. उष्ण हवेंत त्या गार लागत. सुंग काळांतील इतिहासकार सिमा क्वांग (1019–1086) हा तर गोल लांकडाचें उसें मुद्दाम घेई, अशी आख्यायिका आहे. कूस बदलतांच लांकूड घरंगळे, झोंप मोडे, आणि स्वारी पुन्हां ग्रंथलेखनास बसे.

याच चीन देशांत आठव्या शतकांतील शेन् जीजी नांवाच्या लेखकाची एक कथा प्रसिद्ध आहे. हांतानच्या वाटेवरील खाणावळींत एका असंतुष्ट तरुण वाटसरूस एक ताओपंथी साधु आपली उशी देतो. तीवर डोकें टेकून तो तरुण विवाह, अधिकार, तुरुंगवास, पुन्हां वैभव व शेवटीं मृत्यु असें संपूर्ण आयुष्य स्वप्नांत भोगतो. जागा होऊन पाहतो तों खाणावळवाल्यानें चुलीवर चढविलेलें धान्य अद्याप शिजलेलेंही नसतें. प्रवासांतील उशीला एवढें मोठें काम दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयानें दिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. जपानी कवींनीं तर 'कुसामाकुरा', म्हणजे गवताची उशी, हा शब्द प्रवासाचें विशेषण म्हणूनच रूढ केला. वाटेवरचें गवत उपटावें, त्याची जुडी उशास घ्यावी आणि सकाळीं तेथेंच सोडून चालूं लागावें. वजनाचा विचार केला तर याहून हलकी उशी आजच्या कारखान्यांतूनही निघालेली नाहीं.

मग हवा कोंडून उशी करण्याची युक्ति मनुष्यास ठाऊक नव्हती काय? होती, आणि फार दिवसांपासून होती. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील असुरनासिरपाल राजाच्या निमरूद येथील राजवाड्यांतल्या शिल्पांत, फुगविलेलीं कातडीं छातीखालीं धरून नदी पोहून जाणारे योद्धे कोरलेले आहेत. आपल्याकडे पंजाबांतील नद्याही लोक फुगविलेल्या कातड्यांवर बसून उतरत असत. लोहाराचा भाता, पखालजीची मसक हीं तर नित्य डोळ्यांपुढें होतीं. रोमन बादशहा एलागाबालस (कारकीर्द 218–222) याच्याविषयीं असें सांगतात कीं, तो आपल्या सामान्य दर्जाच्या पाहुण्यांस हवा भरलेल्या पिशव्यांवर बसवी आणि भोजन रंगांत आलें असतां नोकरांकडून त्यांतील हवा हळूच सोडवी, म्हणजे पाहुणे मेजाखालीं! ज्या ग्रंथांत ही हकीकत आहे त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं विद्वान साशंक आहेत. तथापि हवेची बैठक ही कल्पना त्या काळीं सुचलेली होती, एवढें तरी त्यावरून ठरतें. तात्पर्य, युक्ति होती. पण तिचा उपयोग नदी उतरण्याकडे व थट्टेकडे झाला, प्रवाशाच्या उशाकडे झाला नाहीं.

याचें एक कारण उघड आहे. कातड्याला वास येतो, तें जड असतें, आणि त्याच्या शिवणींतून हवा झिरपते. परंतु आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. ज्यांस मऊ उशी परवडत होती त्यांस ती स्वतः वाहावी लागत नव्हती. सरदाराची स्वारी निघाली म्हणजे गाद्या, लोड, तक्के, गिरद्या बैलांवर, उंटांवर आणि वेठीस धरलेल्या गांवकऱ्यांच्या डोक्यांवर चालत. पेशवाईंत वेठ होती, आणि कंपनी सरकारच्या साहेबाच्या डेऱ्याबरोबरही वेठबिगार होतीच. एकाच्या डोक्याखालच्या उशीचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी ही व्यवस्था होती. तींत उशी हलकी करण्याची निकड कोणास भासणार? उलट ज्याचें बिऱ्हाड विंचवाप्रमाणें पाठीवर, त्या वाटसरूपाशीं उशी नव्हतीच. मुंडासें सोडून त्याची गुंडाळी, नाहीं तर शिध्याचें गाठोडें, हेंच त्याचें उसें. पंढरीच्या वाटेवर कित्येक पिढ्या याच उशावर निजल्या. उशीचें वजन मोजण्याचा प्रसंग तेव्हांच येतो, जेव्हां ती मऊही हवी असते आणि स्वतःच्या हातानें न्यावयाचीही असते. असा प्रवासी मोठ्या संख्येनें जगाच्या रस्त्यावर आला तो एकोणिसाव्या शतकांत.

त्याच सुमारास त्याला हवी ती वस्तुही मिळाली. ला कोंदामिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें दक्षिण अमेरिकेंतून 1736 सालीं रबराचे नमुने पॅरिसला पाठविले. ॲमेझॉनच्या कांठचे ओमाग्वा लोक झाडाच्या चिकापासून पोकळ, दाबतां येण्याजोगे बुधले करतात, असेंही त्यानें लिहून ठेविलें. म्हणजे हवा व पाणी कोंडून धरणाऱ्या लवचिक पिशवीचे आद्य कारागीर हे वनवासी लोक होत. 1823 सालीं ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थ्यांत रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्यें त्याचा थर देण्याचें पेटंट घेतलें. या कापडाचा पावसाळी अंगरखा प्रसिद्धच आहे. पण ज्यांतून पाणी शिरत नाहीं त्यांतून हवाही सुटत नाहीं हें ध्यानांत येऊन त्याच कापडाच्या फुगवावयाच्या गाद्या व उशाही लवकरच निघाल्या. मात्र या उशा थंडींत ताठत, उन्हांत चिकट होत, आणि त्यांस नॅफ्थ्याचा दर्प येई. 1839 सालीं चार्ल्स गुडइयर या अमेरिकनास रबर गंधकाबरोबर तापविण्याची क्रिया सांपडली, 1843 सालीं टॉमस हॅनकॉकनें तिचें इंग्लंडांत पेटंट घेतलें, आणि हा दोष दूर झाला. गुडइयर स्वतः मात्र 1860 सालीं कर्जांत बुडूनच वारला.

पुढें 1853 सालच्या 16 एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आपल्याकडची पहिली उतारूंची आगगाडी गेली, आणि वळकटी काखोटीस मारून स्वतःच्या जागेसाठीं स्वतः धांवणारा प्रवासी आपल्याही देशांत जन्मास आला. दोनच वर्षांनीं, 1855 सालीं, फ्रान्सिस गाल्टन यानें प्रवासविद्येवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागांत हिंडून आलेला हा गृहस्थ उशीविषयीं मोठ्या गांभीर्यानें लिहितो. मातीचा ढीग उशास घेतला तर तो थोड्याच वेळांत सपाट होतो. घोड्याच्या खोगिरापेक्षां नुसता धोंडा बरा. आणि जास्तीचे कपडे भरलेली अभ्र्यासारखी पिशवी ही फार सोयीची, असा त्याचा अभिप्राय आहे. हवेच्या उशीची शिफारस कांहीं जण करतात, एवढेंच सांगून तो पुढें जातो. आमचे वारकरी गाठोडें उशास घेऊन ज्या निर्णयास आले होते, त्याच निर्णयास हा पाश्चात्त्य पंडित आला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

येथपर्यंतचा इतिहास सुखाचा वाटतो: प्रवाशानें आपला भार आपण उचलला, वेठ्याच्या डोक्यावरील ओझें उतरलें. परंतु भार नाहींसा झाला नव्हता. तो डोळ्यांआड गेला होता. 1888 सालीं डनलॉपनें हवेची धांव काढल्यावर रबराची मागणी अतोनात वाढली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खाजगी अंमलाखालीं असलेल्या कांगोंत (1885–1908) गांवोगांवच्या लोकांवर रबराचा खंड बसविण्यांत आला, बायकामुलांस ओलीस ठेवण्यांत आलें, माणसांचे हात तोडण्यांत आले. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलाचा याविषयींचा अहवाल 1904 सालीं प्रसिद्ध झाला. आणि 1912 सालीं त्याच गृहस्थाच्या दुसऱ्या अहवालानें पेरूकडील पुतुमायो नदीच्या कांठचे तसेच अत्याचार जगापुढें आणले. या रबराचा मोठा भाग सायकलींच्या व मोटारींच्या धांवांकडे गेला. उशांचा वांटा त्यांत अगदीं लहान, हें खरें. तथापि रबर तेंच होतें. ज्या ॲमेझॉनच्या अरण्यांतून ही विद्या जगास मिळाली, तेथल्याच लोकांस तिचें फळ हें मिळालें! वेठ गांवच्या शिवेवरून उठली आणि समुद्रापलीकडच्या अरण्यांत जाऊन बसली. उशीवर निजणाऱ्यास एवढेंच वाटलें कीं, आतां कोणावरच भार नाहीं.

आजची उशी बहुधा झाडाच्या चिकाची नसते. वॉल्डो सीमननें 1926 सालीं पी. व्ही. सी. मऊ करण्याची रीत काढली, ऑटो बायरनें 1937 सालीं पॉलियुरेथेनचा शोध लावला, 1938 सालीं नायलॉन जाहीर झालें. आणि नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या पातळ कापडास पॉलियुरेथेनचें अस्तर देऊन आजची पिसासारखी हलकी उशी सिद्ध झाली. तिच्यासाठीं कोणाचा हात तुटत नाहीं. परंतु ती खनिज तेलाची लेक आहे. फाटल्यावर ती मातींत मिळत नाहीं. येथेंही भार आहेच, फक्त तो पुढच्या पिढीच्या माथीं आहे.

मग निवड कशी करावी? पहिली गोष्ट ही कीं, हवेची उशी गच्च भरूं नये. गच्च भरलेली हवा लांकडासारखी कठीण होते व डोकें तीवरून घरंगळतें. सिमा क्वांगला तें इष्ट होतें, आपणांस नाहीं. आडवें झाल्यावर झडपेंतून थोडी थोडी हवा सोडावी, आणि डोकें बेताचें रुतलें म्हणजे थांबावें. यासाठीं हवा थेंबाथेंबानें सोडतां येईल अशी झडप ज्या उशीस असेल ती पसंत करावी. दुसरें, उंची आपल्या निजण्याच्या रीतीवरून ठरवावी: कुशीवर निजणारास खांद्याच्या रुंदीइतका आधार लागतो, उताणें निजणारास त्याहून पुष्कळच कमी. तिसरें, विमानांत हवेचा दाब सुमारें 8000 फूट उंचीच्या डोंगरावरील दाबाइतका उतरूं शकतो. तेव्हां जमिनीवर फुगविलेली उशी वर जातांच ताठते व उतरतांना सैल पडते. डोंगरावरील मुक्कामांत रात्रीं गारठा पडला म्हणजेही ती सैल पडते, कारण तोंडानें भरलेली ऊन हवा निवून आकसते. ती भोंक पडलें असें समजून टाकूं नये. चौथें, श्वासाबरोबर आंत ओल जाते. घरीं येतांच झडप उघडी ठेवून उशी वाळवावी, नाहीं तर बुरशी धरते. नुसतें प्लास्टिक गालास चिकटतें, म्हणून तीवर जुनें सुती फडकें घालावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, जी दुरुस्त करतां येईल व दहा वर्षें टिकेल, ती चार पैसे अधिक पडले तरी घ्यावी. ज्यास तेवढेंही नको त्यानें गाल्टनची पिशवी शिवावी व तींत आपलेच कपडे भरावे. तिला झडप नाहीं, आणि ती फुटण्याची भीतीही नाहीं.

वस्तूचें वजन दोन तराजूंत करावें लागतें: एक आपल्या खांद्याचा, दुसरा इतरांच्या खांद्यांचा. दुकानांतील चिठ्ठीवर पहिल्याचाच आंकडा छापलेला असतो. दुसऱ्याचा आंकडा इतिहास पाहून ज्याचा त्यानें मांडावयाचा असतो. आणि दोन्ही तराजूंत जी उशी हलकी भरेल तीच प्रवाशानें उशास घ्यावी.