चघळायचं अ‍ॅस्पिरिन आणि डॉ. क्रेव्हन यांचं न भरलेलं टेबल

१९४० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल शहरात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक जनरल प्रॅक्टिशनर होते. विद्यापीठ नाही, लॅब नाही, ग्रँट नाही. दवाखान्यातच ते टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइडची ऑपरेशन्स करायचे. ऑपरेशननंतर घसा इतका दुखतो की पाणी गिळणंही नको वाटतं. त्यावर उपाय म्हणून ते रुग्णांना अ‍ॅस्परगम द्यायचे.

अ‍ॅस्परगम म्हणजे अ‍ॅस्पिरिन घातलेलं च्युइंगगम. १९२० च्या दशकापासून अमेरिकेत ते औषधांच्या दुकानात सहज मिळायचं. एका कांडीत साधारण २२७ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. कल्पना अशी की गम चघळलं की लाळेत विरघळलेलं अ‍ॅस्पिरिन थेट दुखऱ्या जागेवरून जाईल, आणि चघळल्यामुळे जबडाही मोकळा होईल. आज आपण घशासाठी सूज कमी करणाऱ्या ज्या चघळायच्या गोळ्या बघतो, त्यांचं हे एक जुनं भावंड म्हणायला हरकत नाही.

क्रेव्हन रोज चार कांड्या सांगायचे. पण त्यांच्या लक्षात आलं की काही रुग्णांच्या जखमेतून ऑपरेशननंतर जास्तच रक्त येतंय. काहींना तर हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. चौकशी केल्यावर कळलं की यातल्या काहींनी बाहेरून आणखी गम विकत आणलं होतं आणि दिवसाला २० कांड्यांपर्यंत चघळलं होतं. गणित करून बघा. २० गुणिले २२७ म्हणजे ४,५४० मिलिग्रॅम. ३२५ मिलिग्रॅमच्या नेहमीच्या गोळीच्या हिशोबात दिवसाला १४ गोळ्या. गोळीच्या स्वरूपात १४ अ‍ॅस्पिरिन कुणी सहजासहजी घेणार नाही. च्युइंगगमच्या स्वरूपात मात्र त्या न कळत पोटात गेल्या, कारण ते औषध आहे असं तोंडाला वाटतच नव्हतं.

आता इथे जरा थांबू या, कारण रिसर्चच्या तयारीत असलेल्यांसाठी खरी गंमत इथे आहे. "जास्त गम चघळणाऱ्यांना जास्त रक्तस्राव झाला" या निरीक्षणातून काय सिद्ध होतं? तसं बघितलं तर फार काही नाही. ज्यांची जखम नीट भरत नव्हती त्यांना जास्त दुखत असणार, आणि जास्त दुखतं म्हणून त्यांनी जास्त गम चघळलं असणार. म्हणजे कार्यकारणाचा बाण उलटाही असू शकतो. शिवाय २० कांड्या चघळूनही रक्तस्राव न झालेले किती? चारच चघळून रक्तस्राव झालेले किती? हे चार चौकटींचं साधं टेबल आपण एम.एस्सी.च्या बायोस्टॅटिस्टिक्समध्ये शिकतो. क्रेव्हन यांनी ते मांडलं नाही. हॉस्पिटलमध्ये गेलेले रुग्ण डोळ्यांत भरले, घरी बरे झालेले मोजलेच गेले नाहीत.

पण त्यांनी एक गोष्ट केली. स्वतःवर प्रयोग केला. रोज १२ अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या, आणि पाचेक दिवसांत आपोआप नाकातून रक्त येऊ लागलं. गोळ्या थांबवल्या, रक्त थांबलं. मग पुन्हा करून बघितलं. (कुठलीही एथिक्स कमिटी आज याला परवानगी देणार नाही, आणि द्यायलाही नको.) तरी बघा, एकच माणूस असला तरी इथे डोस स्वतः ठरवलाय, दुखण्याने ठरवलेला नाही. बाण उलटा असल्याची शंका निदान या प्रयोगात उरत नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हाच भाग सर्वात भक्कम आहे.

लिटरेचर रिव्ह्यूच्या दृष्टीने एक नोंद. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरच्या रक्तस्रावाला अ‍ॅस्पिरिन कारणीभूत असावं, असा संशय व्यक्त करणारा सिंगर यांचा छोटा लेख १९४५ सालीच कान-नाक-घशाच्या एका जर्नलमध्ये आला होता. म्हणजे निरीक्षणाचा पहिला मान क्रेव्हन यांचा नाही. त्यांचं वेगळेपण पुढच्या उडीत आहे. रक्त गोठायला वेळ लागतो हा घशाच्या जखमेत तोटा. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन ज्यांना हार्ट अटॅक येतो, त्यांच्यासाठी हाच फायदा ठरला तर? १९५० साली एका प्रादेशिक वैद्यकीय जर्नलला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की ४० ते ६५ वयाच्या सुमारे ४०० पुरुषांना आपण अ‍ॅस्पिरिन दिलं आणि कुणालाही हार्ट अटॅक आला नाही. १९५३ मध्ये आकडा १,४६५ झाला. १९५६ मध्ये सुमारे ८,०००.

८,००० पुरुष, आणि अटॅक शून्य! हे वाचून आनंद होण्याऐवजी आपल्या भुवया वर जायला हव्यात. कंट्रोल ग्रुप नाही. रँडमायझेशन नाही. गोळी कोण घेतंय हे डॉक्टरला माहीत, पेशंटलाही माहीत. शेवटच्या लेखात तर नऊ जण हार्ट अटॅकसारख्या लक्षणांनी दगावले होते, पण शवविच्छेदनात त्या सगळ्यांमध्ये महाधमनी फुटल्याचं आढळलं, म्हणून शून्य कायम राहिलं. नऊपैकी नऊ! असा डेटा माझ्या गाईडपुढे ठेवला तर पहिला प्रश्न येईल, "शवविच्छेदन करणाऱ्याला गोळीबद्दल माहीत होतं का?"

१९५७ साली क्रेव्हन वारले, तेही हार्ट अटॅकने. यावरून त्यांची कल्पना खोटी ठरत नाही, एका माणसावरून काहीच ठरत नाही. पण कल्पना मागे पडली एवढं खरं.

यंत्रणेबद्दलही त्यांचा अंदाज चुकला होता. त्या काळात रक्त गोठण्याचा अभ्यास म्हणजे प्रामुख्याने प्रोथ्रॉम्बिनचा अभ्यास, आणि त्यांनीही तिकडेच बोट दाखवलं. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम प्लेटलेट्सवर होतो हे १९६० च्या दशकाच्या शेवटी स्पष्ट झालं. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्यासारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

घशासाठी हा शोध महत्त्वाचा का? कारण घशातली सूज आणि वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन आणि जठराच्या अस्तराचं रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन यांचा कारखाना एकाच घराण्यातल्या एन्झाइम्सचा आहे. प्लेटलेट्सना एकत्र यायला सांगणारा थ्रॉम्बॉक्सेनही तिथूनच येतो. औषध घशासाठी घेतलं तरी ते लाळेबरोबर गिळलं जातं, तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं आणि रक्तात पोहोचतं. तिथे गेल्यावर 'मी फक्त घशासाठी आलोय' असं काही ते सांगत नाही. अ‍ॅस्पिरिनचं तर आणखी एक आहे. ते प्लेटलेटमधलं एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, त्यामुळे तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवसांपर्यंत, परिणाम टिकतो. आज हृदयरोग्यांना रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देतात. अ‍ॅस्परगमच्या एका कांडीत त्याच्या तिप्पट होतं! म्हणजे क्रेव्हन यांनी 'योग्य' म्हणून सांगितलेल्या चार कांड्यासुद्धा ताज्या जखमेच्या दृष्टीने निरुपद्रवी नव्हत्या. २० कांड्यांवर त्यांची नजर खिळली, चार कांड्यांवर त्यांना शंका आली नाही. टेबल भरलं असतं तर कदाचित आली असती.

(हृदयाचं पुढे काय झालं ते थोडक्यात: २२,०७१ अमेरिकन पुरुष डॉक्टरांवरच्या रँडमाइज्ड अभ्यासात १९८० च्या दशकाच्या शेवटी पहिल्या हार्ट अटॅकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी दिसलं. २०१८ मध्ये १९,११४ निरोगी वृद्धांच्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नाही, रक्तस्राव तेवढा वाढला. तेव्हा कुणाचं वाचून स्वतःहून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका.)

आता आजच्या गोळ्यांकडे येऊ. घशासाठीच्या सूजविरोधी गोळ्यांमध्ये सर्वात जास्त अभ्यास झालेल्यांपैकी एक म्हणजे फ्लर्बिप्रोफेन. हे नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीचं औषध. आयब्युप्रोफेन शोधणारे स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स याच कंपनीचे. संधिवातासाठी फ्लर्बिप्रोफेनच्या पोटात घ्यायच्या गोळ्या दिवसाला १५० ते २०० मिलिग्रॅम अशा दिल्या जातात. चघळायच्या गोळीत फक्त ८.७५ मिलिग्रॅम असतं.

ही गोळी खरंच काम करते हे कसं ठरवायचं? इथे एक छान अडचण आहे. प्लासिबो म्हणून गोड, त्याच चवीची, औषध नसलेली गोळी दिली तरी घशाला बरं वाटतं. चघळताना लाळ सुटते, घसा ओला राहतो. खडीसाखर तोंडात धरल्यावर बरं वाटतं ते काय वेगळं आहे? शिवाय साधा घसा बहुतेकांचा आठवडाभरात आपोआप बरा होतो. मग दोन्ही गटांत सुधारणा दिसणार आणि औषधाचा स्वतःचा वाटा फक्त दोन्हींमधल्या फरकात सापडणार. या प्रकारच्या चाचण्यांची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड शाख्टेल आणि सहकाऱ्यांनी बसवली: घसा खरोखर लाल आणि सुजलेला आहे हे आधी तपासायचं, ठराविक तीव्रतेपेक्षा जास्त दुखणाऱ्यांनाच घ्यायचं, आणि गोळीनंतर ठरलेल्या वेळांना रुग्णाकडूनच दुखण्याचा आकडा घ्यायचा. फ्लर्बिप्रोफेनची गोळी अशा डबल-ब्लाइंड चाचण्यांत प्लासिबोपेक्षा सरस ठरली आहे. फरक मध्यम आहे, चमत्कार नाही. क्रेव्हन यांच्या ८,००० पेक्षा मला कंट्रोल ग्रुप असलेले असे काहीशे रुग्ण जास्त विश्वासाचे वाटतात.

वापराचे नियमही याच इतिहासातून वाचता येतात. ब्रिटनमधल्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आणि १२ वर्षांवरच्या मुलांनी गरजेनुसार दर तीन ते सहा तासांनी एक गोळी घ्यायची, २४ तासांत जास्तीत जास्त पाच, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच गोळ्या म्हणजे ४३.७५ मिलिग्रॅम, संधिवाताच्या ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीपेक्षाही कमी. तरीही मर्यादा पाळायची. रक्तातली पातळी साधारण अर्ध्या-पाऊण तासात सर्वात वर जाते, म्हणजे औषध घशातच राहतं असं अजिबात नाही. गोळी चावायची नाही, हळूहळू विरघळू द्यायची आणि तोंडात फिरवत राहायची. एकाच गालात दाबून ठेवली तर तिथे जळजळ होऊ शकते. दाढ दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिन हिरडीजवळ धरून ठेवणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे पडतात, हे दंतवैद्यांना चांगलंच माहीत आहे.

आपल्याकडे मला सर्वात काळजीची वाटणारी गोष्ट म्हणजे बेरीज. ताप-अंगदुखीसाठी आधीच कॉम्बिफ्लॅम घेतलेली असते, म्हणजे त्यात आयब्युप्रोफेन आलं. गुडघ्यासाठी आजीचं डायक्लोफेनॅक चालू असतं. त्यावर घशाची गोळी 'ही काय, चघळायचीच तर आहे' म्हणून घेतली जाते. ही सगळी एकाच घराण्यातली औषधं आहेत, एकत्र घ्यायची नाहीत. अल्सर किंवा पोटातल्या रक्तस्रावाचा इतिहास असलेल्यांनी, अ‍ॅस्पिरिन किंवा पेनकिलरने दमा उसळणाऱ्यांनी, किडनी, लिव्हर किंवा हृदय गंभीररीत्या कमजोर असलेल्यांनी आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊच नये. त्याआधीच्या महिन्यांतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तरी आधी विचारायचं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कुठलं पेनकिलर चालेल ते सर्जनच सांगतील. आणि ताप असलेल्या लहान किंवा किशोरवयीन मुलांना अ‍ॅस्पिरिन कुठल्याच रूपात नको. रे सिंड्रोममध्ये यकृत आणि मेंदूला होणाऱ्या इजेशी त्याचा संबंध दिसल्यावर अमेरिकेत १९८६ पासून अ‍ॅस्पिरिनवर तशी सूचना छापणं सक्तीचं झालं.

आणखी एक गोष्ट या गोळ्या करत नाहीत. त्या जंतू मारत नाहीत. बहुतेक घसे व्हायरसमुळे धरतात, तिथे वेदना कमी झाली की पुरे. पण स्ट्रेप्टोकॉकसमुळे धरलेल्या घशावर वेळेत अँटिबायोटिक मिळालं नाही तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. भारतात हा आजार अजून संपलेला नाही. त्यामुळे शाळकरी मुलाला खोकला-सर्दी नसताना जोराचा ताप, गिळताना तीव्र वेदना आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील, तर गोळीने आराम पडला तरी डॉक्टरांना दाखवायचं. लाळ गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर गोळीची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.