ल्युकेमियाग्रस्त मुलांमधील श्वसनमार्गाचे विषाणुसंसर्ग

रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) झालेल्या मुलांच्या नाक, घसा, श्वासनलिका व फुप्फुसांना विषाणूंमुळे होणारे संसर्ग. मुलांत तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया सर्वाधिक आढळतो. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात, म्हणजे किमान दोन पावसाळे तरी मुलाला उपचार घेत काढावे लागतात.

कारणे व स्वरूप : रोगामुळे, तसेच केमोथेरपी व स्टेरॉइडमुळे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. ऱ्हायनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस), पॅराइन्फ्लुएन्झा व ॲडेनोव्हायरस हे नेहमीचे विषाणू. इतर मुलांत काही दिवसांत आपोआप ओसरणारी सर्दी येथे लांबते, फुप्फुसांत उतरू शकते आणि केमोथेरपीची पाळी पुढे ढकलावी लागते. गोवरात तर अंगावर पुरळ न उठताही जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो.

सातारा-सांगली : महाराष्ट्रात फ्लूची साथ मुख्यतः पावसाळ्यात वाढते. याच सुमारास ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, फलटण भागातून जाते व शाळाही सुरू होतात, त्यामुळे गर्दीतून संसर्गाचा संभव वाढतो. या जिल्ह्यांतील अनेक मुले उपचारांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना 1941) जातात. दोन पाळ्यांमध्ये मूल गावी असताना ताप आला, तर पहिल्या काही तासांत जवळच्या रुग्णालयात मिळणारे उपचारच महत्त्वाचे ठरतात. सातारा, कराड व मिरज येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

उपचार : ताप 100.4 अंश फॅरनहाइट वा अधिक झाल्यास ती तातडीची अवस्था मानतात. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रक्ताच्या दर घनमिलिमीटरला 500 पेक्षा कमी असतील, तर जंतुसंसर्ग झपाट्याने रक्तात पसरू शकतो. तापाचे कारण विषाणू की जिवाणू हे सुरुवातीला ओळखता येत नाही, म्हणून तपासणीसाठी रक्त घेऊन तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करतात. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर उपयोगी पडते. बहुतेक इतर विषाणूंवर खास औषध नाही, तेथे प्राणवायू व आधारोपचार देतात.

प्रतिबंध : केमोथेरपी चालू असताना मुलाला जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. घरच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. भावंडांना पोलिओची लस तोंडावाटे न देता टोचून द्यावी. कांजिण्या किंवा गोवर झालेल्याशी संपर्क आल्यास पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हात धुणे, गर्दी टाळणे, मास्क व चुलीच्या धुरापासून दूर ठेवणे हितावह. अशा मुलाचा ताप घरगुती उपायांवर अंगावर काढू नये. उपचारांची फाईल घेऊन, रात्र असली तरी, तडक रुग्णालय गाठावे.