माळ्याखालचा गारवा : जुन्या घरांतल्या लाकडी तळांच्या अभ्यासाला प्रस्तावना

घर गार कशामुळे राहते, असे पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी-तारापूरच्या जुन्या आळ्यांत विचारा. उत्तर बहुधा ‘कौलांमुळे’ असे येईल. ते निम्मेच खरे आहे. एप्रिलच्या दुपारी कौल हाताला सोसवत नाही इतके तापते आणि त्याची खालची बाजू वरच्या बाजूच्या फार मागे राहत नाही. तरी माजघरात पथारी टाकून पडलेल्या माणसाला ती झळ लागत नाही, कारण कौल आणि माणूस यांच्यामध्ये माळा असतो. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर वर्षभराची अडगळ. या अडगळीलाही पुढे मान मिळणार आहे.

जुन्या घरांतल्या अशा अधांतरी लाकडी तळांमधून उष्णता, हवा आणि ओलावा कसा ये-जा करतो, हे पाहणारी एक छोटी अभ्यासशाखा आहे. तिची बरीचशी वाढ इंग्लंडात झाली, आणि त्याचे कारण तिथली थंडी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेल्या तिथल्या लाखो घरांत तळमजल्याची जमीनच लाकडाची आहे. खाली हातभर पोकळी, पोकळीला हवा मिळावी म्हणून बाहेरच्या भिंतीत जाळीच्या विटा, वर कड्या आणि फळ्या. हिवाळ्यात फळ्यांच्या फटींतून गार वारा पायाला लागतो, आणि शेगडीवर खर्च केलेली ऊब पोकळीत निघून जाते. उपाय म्हणून कड्यांच्या मधल्या जागेत उष्णतारोधक भरतात, पण पोकळीतला वारा कोंडला की लाकूड कुजू लागते. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था आणि ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही तिथली सरकारी संस्था, दोघीही याच पेचावर मार्गदर्शन करतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये सोफी पेल्समेकर्स यांनी अशा तळांतून जाणारी उष्णता प्रत्यक्ष मोजली आणि एकाच खोलीतले आकडे जागोजागी वेगळे येतात, भिंतीलगत जास्त येतात, हे दाखवून दिले. कागदावरच्या एका आकड्यावर विसंबणाऱ्यांना तो चांगला धक्का होता.

बोईसरच्या वाचकाला यात काय, हा प्रश्न रास्त आहे. आपली जमीन दगडमातीच्या जोत्यावर बसलेली, शेणाने सारवलेली किंवा कोबा केलेली. ती पायाला गार लागते ते आपल्याला हवेच असते, तिला पांघरूण घालायचे कारण नाही. पण दोन्ही घरांचे उभे छेद शेजारी शेजारी ठेवून पाहा. इंग्लंडात ऊबदार खोली वर आहे आणि गार पोकळी खाली. आपल्याकडे तापलेला माळा वर आहे आणि गार माजघर खाली. दोन्हीकडे लाकडी तळ मध्ये आहे, आणि दोन्हीकडे उष्णता वरून खाली जाते. माणूस मात्र तिथे तळाच्या वर राहतो, इथे खाली. या शास्त्रातले गणित म्हणूनच आपल्याला जवळजवळ तसेच लागू पडते. सल्ले तेवढे तपासून घ्यावे लागतात. कुठला सल्ला जसाच्या तसा चालतो आणि कुठला उलटा करावा लागतो, हे ओळखता येणे म्हणजेच या किनाऱ्यावर हा अभ्यास करणे, असे मी म्हणेन.

उष्णता खाली जाताना एक गोष्ट आपल्या बाजूने असते. गरम हवा हलकी, ती कौलांखाली वरच्या वर थांबते आणि फळ्यांवरची हवा शांत पडून राहते. हवेच्या हालचालीने उष्णता खाली येत नाही. येते ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे तापलेले कौल थेट फळ्यांवर झळ फेकते, आणि मग फळीच्या जाडीतून ती वाहत खाली पोहोचते. काँक्रीटची उष्णतावाहकता (मीटरमागे, दर अंशाला, वॅटमध्ये) ढोबळमानाने १.६, विटेची ०.८, सागाची ०.१७ आणि निश्चल हवेची ०.०२५ धरतात. सागाची इंचभर फळी घ्या. दोन्ही बाजूंना चिकटून असणारा हवेचा पातळ थर हिशेबात धरला, तर चौरस मीटरमागे आणि दर अंश फरकामागे सुमारे २ वॅट उष्णता तिच्यातून खाली येते. चार-पाच इंची उघड्या स्लॅबचा हाच आकडा ३ च्या वर जातो. केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिते’ने २०१८ मध्ये नव्या घरांच्या छपरासाठी १.२ ही कमाल मर्यादा घातली. नुसती फळी त्या परीक्षेत नापास होते. पण फळीवर दोन इंच भाताचे तूस पसरले की आकडा पाऊणाच्या आसपास येतो.

तूस हा शब्द काही मी सोयीसाठी आणलेला नाही. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तांदळाचे कौतुक झाले, तुसाचे कोणी केले नाही. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. ते सहजासहजी भडकत नाही, धुमसते. लवकर कुजत नाही. आणि कणाकणांत हवा धरून ठेवते. उष्णता अडवण्यात ते काचलोकरीच्या फार मागे नाही. माळ्यावर रचलेला पेंढा, गोणपाटात बांधलेले बियाणे, जुन्या गोधड्या ही सगळी अडगळ हेच काम नकळत करत आली. ती काढून माळा ‘स्वच्छ’ केल्यावर खालची खोली तापू लागली, तर त्यात नवल नाही. पेंढ्याला आगीचे भय असते हे मान्य. थर्माकोललाही ते असतेच, आणि जुन्या वायरी ज्या माळ्यावरून गेल्या आहेत तिथे थर्माकोल पसरणे मला सरळ बेजबाबदार वाटते. दुकानदार तो आनंदाने देतो, कारण हलका असतो आणि एका फेरीत टेम्पो भरतो.

वजनाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उष्णता अडवायची दुसरी रीत महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. मराठवाड्यात आणि देशावर लाकडी तुळया-कड्यांवर माती चोपून माळवद करतात. फूटभर, कुठे दोन फूट. वर्षानुवर्षे पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेल्याने ते आणखी जाड होते. माती उष्णता फारशी अडवत नाही, लांबवते. दुपारची झळ आत यायला रात्र होते, आणि रात्री माणूस अंगणात किंवा माळवदावर झोपतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसे घरात होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर टनावारी माळवद. सुमारे आठ हजार माणसे गेली. जिने पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा सुसह्य केला, तीच माती अंगावर आली. घराचा गारवा आणि घराची बळकटी यांचा अभ्यास वेगवेगळ्या खोल्यांत बसून करू नये, एवढे तरी त्या पहाटेने या क्षेत्राला शिकवायला हवे होते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात लहान-मोठ्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्यानंतर पालघर जिल्ह्यात हा मुद्दा दूरचा राहिलेला नाही. चौरस मीटरमागे तीन इंच मातीचे वजन शंभर किलोच्या पुढे जाते. दोन इंच तूस पाच-सहा किलोंत भागते.

माती किनाऱ्याला न मानवण्याचे आणखी एक कारण हवामानात आहे. देशावर दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी दरी असते, म्हणून उष्णता लांबवून फायदा होतो. समुद्राकाठी ती दरी उथळ. इथे जड छप्पर दिवसभर तापून रात्री निजलेल्या माणसावर सूड उगवते, आणि बोईसरच्या वरच्या मजल्यांवर स्लॅबखाली राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. ओटो क्योनिग्जबर्गर हे जर्मन वास्तुविशारद आधी म्हैसूर संस्थानात आणि स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या गृहनिर्माण खात्यात होते. त्यांनी पुढे दमट उष्ण प्रदेशांतल्या छपरांवर लिहिताना हलके, झळ अडवणारे आणि लवकर निवणारे छप्पर हवे, यावर भर दिला. आपल्या सुतारांनी ते लिखाण वाचले नव्हते. कौल, पोकळी, फळी ही त्यांची रचना मात्र त्यात चपखल बसते.

या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे माळ्याच्या जिन्याची झडप. दुपारी गरम हवा वर आणि गार हवा खाली अशी उतरंड स्थिर असते, त्यामुळे फळ्यांत बारीक फटी असल्या तरी वरची हवा आपणहून खाली येत नाही. सूर्य कलला की पातळ कौल भराभर निवते. आता खोलीतली हवा अधिक उबदार ठरते, ती झडपेतून आणि फटींतून वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते. तिच्या जागी खिडकीतून खारा वारा आत येतो. दिवसा बंद आणि रात्री उघडा असा दरवाजा, कोणी हात न लावता. इंग्रजी मार्गदर्शिकेत ‘सर्व फटी बुजवा’ हा पहिला सल्ला असतो, आणि तिथे तो योग्यच आहे. इथे तो डोळे झाकून पाळला तर दुपार थोडी सुधारते आणि रात्र बिघडते. तुसाने फटी बुजतात, म्हणून ते घालायचे तर झडप मोकळी ठेवून, आणि रात्री ती उघडायची आठवण ठेवून.

आता ओलावा. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपुढे बराच काळ राहिले की बुरशीला निमंत्रण मिळते, हा जगभरचा ढोबळ नियम आहे. जुलैत आपल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर आठवडेच्या आठवडे राहते, आणि तेवढ्या हवेत नुसते उघडे असलेले लाकूडही १८-२० टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे एक थेंबही न गळता आपला माळा दर पावसाळ्यात त्या रेषेवर जाऊन उभा राहतो. त्याला परत आणणारे दोघे होते. एक वारा आणि दुसरा चुलीचा धूर. धुराने कड्या काळ्या पडायच्या, पण सुकायच्याही, आणि भुंगा व वाळवी दूर राहायची. चूल गेली हे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसांसाठी उत्तमच झाले. लाकडाचा राखणदार त्यात गेला, याची नोंद तेवढी कोणी घेतली नाही. त्यानंतर शाकारणीला माणूस मिळेना म्हणून कौलांच्या जागी पत्रा आला आणि सांध्यांतला वारा थांबला. मग पत्र्याची झळ लागते म्हणून फळ्यांखाली पीओपी आले. प्रत्येक पायरी समजण्यासारखी आहे. चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात कडीचे भिंतीतले टोक हाताने भुसा होऊन पडते, तेव्हा सगळ्यांचा राग वाळवीवर निघतो.

वातानुकूलित खोलीने गोष्ट आणखी गुंतते. इंग्रजी पुस्तकात बाष्परोधक पडदा खोलीच्या बाजूला लावा असे असते, कारण तिथे ऊब आणि बाष्प दोन्ही खोलीत. इथे एसी लावलेल्या खोलीवर ऊबदार आणि दमट बाजू माळ्याची आहे. खोलीच्या बाजूला प्लास्टिक किंवा तेली रंग लावलात तर बाष्प वरून उतरून नेमके गार फळीपाशी अडकेल. छेदात पाहिले तर दोन्ही देशांत पडद्याची जागा वरचीच. माझे मत विचाराल तर पडदा नकोच: एसी रात्री चालतो, दिवसा बंद, हिवाळ्यात तर नाहीच, आणि श्वास घेणाऱ्या तुसाला व फळीला दोन्ही बाजूंनी सुकू देणे हेच शहाणपणाचे. यावर मतभेद आहेत आणि ते खुशाल असावेत.

हे सगळे वाचताना एक भान ठेवावे. ज्या माळ्यांचे आपण कौतुक करतो त्यांचा साग, ऐन आणि हेद मनोर-जव्हारच्या जंगलांतून आला, आणि तो तोडणारे हात बहुतेक वारली होते. जमीनदारांसाठी गवत कापणाऱ्या याच माणसांनी १९४५ च्या ऑक्टोबरात मजुरीच्या दरासाठी संप केला. त्यांच्या स्वतःच्या घरांना कारवीच्या, शेणमातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती आणि वर धान्याचा माळा. त्याच वर्षी के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, ते या घरांकडे वळू पाहणाऱ्याने अवश्य चाळावे. कुडाची भिंत वारा गाळून आत घेते, त्यामुळे तिथल्या माळ्याचे गणित सागवानी घराहून वेगळे आहे आणि अभ्यासाला अधिक रंजक आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. गाव उठते तेव्हा जमिनीची मोजणी होते, भिंतींची आणि झाडांची किंमत ठरते. माळ्याखाली दुपारी किती गारवा होता, याचा रकाना त्या कागदांत नसतो. तो रकाना भरता यावा एवढी भाषा आणि एवढे आकडे आता आपल्यापाशी आहेत.

या क्षेत्रात येणाऱ्याला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. सुताराची नजर आली तर फारच बरे. सुरुवातीला तीन तापमापक पुरतात: एक कौलाच्या पोटाशी, एक फळीच्या वर, एक फळीच्या खाली. एप्रिलच्या मध्यापासून दर दोन तासांनी नोंद करा, रात्रीचीही, आणि झडप उघडी होती की बंद ते शेजारी लिहा. खोलीत एकाच जागी मोजून थांबू नका. भिंतीलगत आणि मधोमध वेगळे आकडे येतील. जून लागला की ओलावामापक हाती घ्या आणि कडीचे जे टोक पश्चिमेच्या भिंतीत शिरते तिथून सुरुवात करा, कारण पाऊस त्याच बाजूने झोडपतो. तुसाची गोणी माळ्यावर चढवायची घाई पहिल्या वर्षी करू नये; आधीचे आकडे नसतील तर नंतरच्यांची तुलना कशाशी करणार?