‘क’ जीवनसत्त्व आणि त्वचा : नौकेवरील पूर्वेतिहास

त्वचेसाठी ‘क’ जीवनसत्त्वाची महती आज सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती गातात. तथापि या संबंधाचा ठळक पुरावा अठराव्या शतकातील ब्रिटिश युद्धनौकांवर आढळतो. कमोडोर अँसन यांच्या १७४०–४४ मधील जगप्रदक्षिणेचा वृत्तांत १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका खलाशाची विलक्षण नोंद आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत झालेल्या व केव्हाच भरून आलेल्या त्याच्या जखमा स्कर्व्ही जडल्यावर, पन्नास वर्षांनंतर, पुन्हा उघडल्या! व्रणातील कोलॅजेन सतत झिजते व नव्याने घडते आणि त्या घडणीस ‘क’ जीवनसत्त्व अनिवार्य असते, हे स्पष्टीकरण अर्थातच विसाव्या शतकातील आहे.

१७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी ‘सॉल्झबरी’ या नौकेवर बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून निरनिराळे उपचार योजले. संत्री व लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरीही नौदलात लिंबूरस सर्रास देण्याचा निर्णय होण्यास १७९५ साल उजाडले. या दिरंगाईचा सारा दोष नौदलावर टाकणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही. त्वचेतून बाहेर पडणारा घाम अडल्याने हा रोग होतो, असे स्वतः लिंडच मानत होते.

१९२८ मध्ये सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळे केलेले द्रव्य म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले. त्याच्या ‘ॲस्कॉर्बिक’ या नावाचा अर्थच स्कर्व्हीरोधक. मात्र खलाशांचा पुरावा अभावाचा आहे. सुपोषित त्वचेवर वरून लावलेल्या लेपाची उपयुक्तता त्यावरून सिद्ध होत नाही, ती स्वतंत्रपणेच तपासावी लागते.